घसारा

मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेत कारकून. माझं चरित्र कोणी लिहायला घेतलंच, तर ते या एका वाक्यात संपेल आणि उरलेल्या पानांवर जाहिराती घ्याव्या लागतील. 'घसारा' हा शब्द मी आयुष्यात हजार वेळा तरी लिहिला असेल. खुर्ची घ्या, कपाट घ्या, पंखा घ्या. दरसाल त्याच्या किमतीतून अमुक टक्के वजा करा आणि खाली दोन रेघा मारा, की झाला घसारा. त्याच्याही दोन पद्धती. एक सरळ रेषेची, दुसरी घटत्या शिलकेची. पण खरोखर काय घासतं, कशावर घासतं आणि घासून घासून शेवटी त्याचं काय होतं, हे आम्हाला तीन वर्षांत एकाही प्राध्यापकानं सांगितलं नाही. विचारायची पद्धतही नव्हती.

तो प्रश्न मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी आमच्या काकांच्या उजव्या गुडघ्यानं विचारला.

काका आमच्याकडे डोंबिवलीला असतात. तरुणपणी ते परळच्या एका कापड गिरणीत फिटर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कोणी मागे घेतलाच नाही. काका हिशेबानं अजून संपावरच आहेत. मी तेव्हा पाळण्यात होतो, त्यामुळे माझा पाठिंबा फक्त रडण्यापुरता. पुढे काकांना एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. तिथली एन.सी.सी.च्या हवाई शाखेची पोरं आपली छोटी विमानं आणि त्यांची रुसलेली इंजिनं घेऊन काकांकडे येत. निवृत्तीच्या दिवशी इतरांना शाल-श्रीफळ मिळतं. काकांना त्या पोरांनी एक इंजिन दिलं.

तर डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "आजोबा, गुडघा बदलावा लागेल."

"म्हणजे बेअरिंग गेलंय," काका म्हणाले.

"तसंच समजा."

"समजा कसं? बारा वर्षं बेअरिंगं बदललीत मी. चांगला फिटर नसेल तर बदललेल्यापेक्षा जुनंच बरं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक्स-रेकडे पाहिलं. त्यानंतर चार महिने काका खिडकीजवळच्या खुर्चीतून उठले ते फक्त जेवायला आणि झोपायला. मी समजावलं, सौ.नं समजावलं, चिरंजीवांनी मोबाइलवर ऑपरेशनाचं चलच्चित्र दाखवलं. त्यामुळे तर काकांचा निर्धार आणखीच पक्का झाला. शेवटी एका रविवारी त्यांनी मला पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली. आतून निघालं धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं ते इंजिन.

"हे घे. याची बेअरिंगं गेलीत. तुझ्यासारख्या बँकवाल्यानं ती बदलली आणि हे चाललं, तर मी म्हणेन डॉक्टरलाही जमेल. मी हात लावणार नाही. नुसता बोलेन."

काका नुसते बोलणार, ही अट त्यात सर्वांत जाचक होती, हे मला नंतर कळलं.

इंजिन मुठीत मावेल एवढं. साडेसहा सी.सी.चं. पण चालू लागलं की मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेणार. मी पंखा बोटानं फिरवला. आतून खर्रर्र असा आवाज आला, आमच्या शाखेचं शटर सकाळी वर जाताना येतो तसा.

"ऐकलंस? छर्रे गंजलेत."

"खूप चाललं असेल."

"चालून नाही गेलं. बसून गेलंय."

मग काकांनी खुलासा केला. या इंजिनाचं इंधन म्हणजे मेथनॉल, त्यात एरंडेल. मेथनॉल हवेतलं पाणी पितं, आणि जळाल्यावर जे मागं उरतं त्यात आम्ल असतं. चालवून झाल्यावर उरलेलं इंधन जाळून, आत दोन थेंब तेल सोडून ठेवायचं असतं. तसं केलं नाही, की पोलादी छर्रे जागच्या जागी गंजतात. "तुझी काकू आजारी पडली त्या दिवशी चालवलं होतं," ते म्हणाले. "तेल द्यायचं राहून गेलं. मग राहूनच गेलं."

'बसून गेलंय' या शब्दांवर सौ.नं माझ्या पोटाकडे पाहिलं. मी खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. बोललं कोणीच नाही.

एरंडेल ऐकून मात्र माझ्या अंगावर काटा आला. आमच्या पिढीला ते नाक दाबून पाजलेलं आहे. पण इंजिनाला ते मनापासून आवडतं, कारण ते तापलं तरी धातूवरचा ताबा सोडत नाही. पहिल्या महायुद्धातली फिरत्या सिलिंडरांची विमानं याच तेलावर उडत. जळकं एरंडेल मागे वैमानिकाच्या तोंडावर उडे, आणि शत्रूपेक्षा पोटाचीच धास्ती जास्त असे म्हणतात. आज जगात सर्वांत जास्त एरंडी आपल्या देशात पिकते, त्यातही गुजरातेत. तेव्हा जगातली ही चिमुकली विमानं बरीचशी आपल्या एरंडेलावर उडतात असं म्हणायला हरकत नाही. आपण मात्र ते पोटात घालत बसलो.

आता मी कॉमर्सवाला. कुठलंही काम हाती घेण्यापूर्वी मागची शिल्लक बघायची माझी सवय. तेव्हा पान्याला हात लावण्याआधी मी बेअरिंगची कुळकथा वाचून काढली. (काका म्हणाले, "काम टाळायची पद्धत आहे ही." तेही खरं.)

माणसाला फार पूर्वी कळलं होतं की ओढण्यापेक्षा गडगडवणं स्वस्त पडतं. घासण्यात जोर जातो. लोळण्यात जात नाही. हे तत्त्व आमच्या शाखेत काहीजणांना उपजत माहीत आहे. पण छर्र्यांवर फिरणारा आस रीतसर नोंदवला तो फिलिप व्हॉन या माणसानं, वेल्समधल्या कार्मार्थन गावी, 1794 साली, गाडीच्या चाकासाठी. चाकाच्या आसाभोवती खाच, खाचेत छर्रे. कल्पना बिनचूक होती, पण पुढची पाऊणशे वर्षं तिचं फारसं काही झालं नाही. सूचनापेटीत टाकलेल्या चिठ्ठीचं होतं तेच.

मग सायकल आली. 7 नोव्हेंबर 1869 ला पॅरिस ते रुआँ अशी शर्यत झाली, 123 किलोमीटरची. जेम्स मूर नावाचा इंग्रज पहिला आला. साडेदहा तासांच्या आसपास लागले त्याला, पण त्याच्या सायकलच्या चाकांत छर्रे होते. ज्यूल सुरिरे या फ्रेंच कारागिरानं त्याच वर्षी त्यांचं पेटंट घेतलं होतं. शर्यत जिंकली की तत्त्वज्ञान आपोआप पटतं. छर्र्यांना मागणी आली.

अडचण एकच. छर्रा गोल हवा. म्हणजे आपण लाडू गोल म्हणतो तसा नव्हे, खराखुरा गोल, आणि सगळे एका मापाचे. त्यांतला एक जरी केसभर मोठा असला तरी सगळा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर पडतो. (हे वाचून मला आमच्या कॅशियरची आठवण आली.) 1883 साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशर यानं छर्रे घासून गोल करणारं यंत्र बनवलं. त्याआधी छर्रे करणं ही कला होती. त्यानंतर तो धंदा झाला.

"हे सगळं ठीक," काका म्हणाले. "स्क्रू केव्हा काढतोस?"

काढले. प्रत्येक स्क्रू काढला की मोबाइलवर फोटो, आणि स्क्रू स्टीलच्या ताटातल्या वेगळ्या वाटीत. काही वेळानं ते ताट सणासुदीच्या पानासारखं दिसू लागलं. डावीकडे ग्लो प्लग. ही आणखी एक गंमतच. 1947 साली रे आर्डन या अमेरिकनानं तो बाजारात आणला. त्यातली प्लॅटिनमची इवलीशी तार सुरू करताना बॅटरीनं तापवायची. मग बॅटरी काढून घेतली तरी मेथनॉलच्या सहवासानं ती लाल राहते. त्यापूर्वी या बारक्या विमानांना ठिणगीसाठी बॅटरी आणि कॉइल उरावर घेऊन उडावं लागे. उजवीकडे पंखा, मधे पिस्टन, आणि भाताच्या जागी मुख्य घर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची क्रँककेस. तिच्यात दोन बेअरिंगं घट्ट बसलेली: मागचं मोठं, पुढचं लहान.

"ठोकू?" मी विचारलं.

"ठोकायचं नाही. तापवायचं. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. घर मोठं झालं की भाडेकरू आपण होऊन निघतो."

मुंबईत असा भाडेकरू मी पाहिलेला नाही, पण घरातला ओव्हन मागितला. सौ.नं विचारलं, "केक?" मी म्हटलं, "क्रँककेस." त्यानंतर जे संभाषण झालं ते इथं देत नाही. आधी सगळं घासून धुवायचं, ओव्हनाला जळक्या एरंडेलाचा वास लागला तर नवा ओव्हन आणायचा, अशा दोन कलमांवर तह झाला. दीडशे अंशांवर वीस मिनिटं. मग जाड हातमोजे घालून ते घर मी पोळपाटावर एकदा आपटलं. टप्! मागचं बेअरिंग पोळपाटावर हजर. पुढचं लाकडी चमच्याच्या दांडीनं मागून ढकललं. तेही आलं. पोळपाट पुन्हा स्वयंपाकघरात घेतला गेला नाही, हा खर्च वेगळा.

नवी बेअरिंगं आणायला मी मुंबईत नागदेवीला गेलो. त्या गल्लीत काय मिळत नाही ते विचारा. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "नंबर?"

मला गहिवरून आलं. बेअरिंगला खातेनंबर असतो! आणि तो जुन्या बेअरिंगवर कोरलेला होता: मागचं 6001, पुढचं 607. शेवटच्या आकड्यांत आतल्या भोकाचं माप दडलेलं असतं. 607 म्हणजे सात मिलिमीटर. 00 म्हणजे दहा, 01 म्हणजे बारा, 02 म्हणजे पंधरा, 03 म्हणजे सतरा, आणि 04 पासून पुढं पाचानं गुणायचं. कंपनी कुठलीही असो, देश कुठलाही असो, 6001 चं भोक बारा मिलिमीटर, बाहेरचा व्यास अठ्ठावीस, जाडी आठ. आमच्याकडे एका शाखेतली सही दुसऱ्या शाखेत जुळत नाही, आणि इथं सगळ्या जगाचं एकमत!

हे एकमत लढाईतसुद्धा टिकलं. त्यातूनच एक वाईट प्रकरण घडलं. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या लक्षात आलं की विमान, रणगाडा, ट्रक, सगळं छर्र्यांवर चालतं आणि जर्मनीचे निम्मे छर्रे त्या एका श्वाइनफुर्टात होतात. 17 ऑगस्ट 1943 ला अमेरिकन बाँबफेकी विमानं श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्गवर गेली. साठ परत आली नाहीत. 14 ऑक्टोबरला पुन्हा श्वाइनफुर्टवर गेली. पुन्हा साठ आली नाहीत. एका विमानात दहा माणसं. त्यांतली काही छत्रीनं उतरून कैदेत गेली, उरलेली मेली, बहुतेक विशीतली पोरं. खाली गावात माणसं मेली ती वेगळीच. आणि जर्मनांनी साठा वापरला, कारखाने पांगवले, स्वीडनकडून माल घेतला. यंत्रं थांबली नाहीत.

हे मी काकांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग ताटातला जुना गंजका छर्रा बोटांत फिरवत म्हणाले, "एवढ्याशासाठी."

स्वीडन मात्र दोघांनाही माल विकत होता. इंग्लंडला नेण्यासाठी 'मॉस्किटो' जातीची लाकडी विमानं रात्री स्कॉटलंडमधून स्टॉकहोमला जात आणि छर्रे भरून परतत. एखादा पाहुणा असलाच तर तो बाँब ठेवायच्या कप्प्यात आडवा. ऑक्टोबर 1943 मध्ये असाच आडवा आलेला एक पाहुणा म्हणजे नील्स बोर, अणूच्या पोटात शिरलेला शास्त्रज्ञ. त्याचं डोकं एवढं मोठं की कानाच्या फोनची टोपी नीट बसेना. प्राणवायूची नळी लावा ही सूचना ऐकू गेली नाही आणि तो वाटेत बेशुद्ध पडला. उतरल्यावर म्हणाला, झोप छान लागली.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. जुनं काढलं ओव्हननं, तेव्हा नवं हातोडीनं जाईल असा माझा हिशेब. जमाखर्चात दोन्ही बाजू सारख्या असतात असं मी शिकलेलो. घर जेमतेम कोमट होतं. बेअरिंग तिरकं अडकलं. मी त्याच्या आतल्या रिंगवर हातोडीचे तीन ठोके दिले. बसलं. मी विजयी मुद्रेनं आस घालून फिरवला.

काका खुर्चीतून म्हणाले, "कुरकुर येतेय."

"मला नाही येत ऐकू."

"गिरणीत तीनशे मागांच्या आवाजात एकाची कुरकुर ऐकायचो मी. कुठल्या रिंगला ठोकलंस?"

कळलं असं, की जी रिंग बसवायची तिच्यावरच जोर द्यायचा. बाहेरची रिंग घरात बसवताना आतलीवर मारलं, तर सगळा मार मधल्या छर्र्यांतून जातो आणि त्यांचे रिंगला पोचे पडतात. गुन्हा एकाचा, मार मधल्याला. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा नागदेवीला गेलो. दुकानदारानं या वेळी मान वर केली.

दुसऱ्यांदा मात्र सगळं यथासांग. नवी बेअरिंगं रात्रभर फ्रीजरमध्ये, मटारांच्या शेजारी. घर दीडशे अंशांवर. पुढच्या बेअरिंगची झाकणाची बाजू बाहेर, म्हणजे धूळ आत येणार नाही. गार बेअरिंग तापल्या घरात टाकलं आणि ते आवाज न करता तळाला जाऊन बसलं. मी हिशेब केला: अठ्ठावीस मिलिमीटरच्या घराला त्या क्षणी जास्तीची जागा मिळते ती साधारण एका केसाच्या जाडीइतकी. मराठीत 'केसभर' म्हणतात ते इतकं काटेकोर माप आहे हे मला ठाऊक नव्हतं. दहा-पंधरा सेकंदांत घर आवळतं आणि संधी गेली.

त्या रात्री जोडणी चालू असताना मी काकांना आणखी एक गोष्ट वाचून दाखवली. गोटेनबर्ग इथल्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनियर होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची; इमारत हळूहळू सरके, माथ्यावरचे लांब आस वाकडे होत आणि बेअरिंगं फुकट जात. त्यानं 1907 साली असं बेअरिंग काढलं, की आस थोडा वाकडा झाला तरी छर्रे आपलं आपण सांभाळून घेतात.

"गिरणीतला माणूस," काका म्हणाले. आवाजात अभिमान.

"आता हे ऐका. जॉन चार्नली. इंग्लंडचा हाडांचा डॉक्टर. खुब्याचे सांधे बदलायचा. आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. त्या काही वर्षांत झिजल्या. शेकडो रोगी. त्यानं आपल्याच मांडीत टेफ्लॉनची पूड टोचून घेऊन पाहिली. चुकलं म्हणाला, आणि पुन्हा उघडून दुरुस्त करत बसला."

"प्रामाणिक दिसतोय."

"मग 1962 साली त्याच्या प्रयोगशाळेत एक विक्रेता आला, नव्या प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन. चार्नलीनं पाहिला आणि बाजूला टाकला. पण त्याचा कारागीर, हॅरी क्रेव्हन, त्यानं तो तुकडा गुपचूप यंत्रावर घासायला लावला. तीन आठवडे रात्रंदिवस. टेफ्लॉन एका दिवसात झिजे, तेवढासुद्धा झिजला नाही. आज गुडघ्यात घालतात ते त्याच जातीचं प्लॅस्टिक."

"आणि तो विक्रेता ते कशासाठी विकत होता?"

"लँकेशायरच्या गिरण्यांत. मागांच्या गिअरसाठी."

काका एकदम ताठ बसले. "मागाचं गिअर? गुडघ्यात?"

"आणि कारागिरानं शोधलेलं. डॉक्टरानं टाकून दिलेलं."

काका पुढे काही बोलले नाहीत. पण झोपायला जाताना दारात थांबून म्हणाले, "फिटरचं ऐकावं माणसानं."

रविवारी सकाळी इंजिन एका जाड फळीवर स्क्रूंनी आवळलं आणि सोसायटीच्या गच्चीवर नेलं. सेक्रेटरींना 'पाण्याच्या पंपाची चाचणी' असं सांगितलं होतं. देव क्षमा करो. आमची लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच. वर अठरा पायऱ्या. मी म्हटलं, "काका, तुम्ही खालूनच ऐका." काकांनी कठडा धरला. प्रत्येक पायरीवर थांबत, आकडा मोजत, ते वर आले. अठरावर पोहोचले तेव्हा मला घाम आला होता.

इंधन काकांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं दिलेलं. ग्लो प्लगला बॅटरी जोडली. सगळ्यांना मागं उभं केलं आणि लाकडी दांडीनं पंख्याला झटका दिला. काही नाही. दुसरा. तिसरा. अकराव्या झटक्याला फट्‌ झालं, आणि बाराव्याला असा काही कर्कश सूर लागला की समोरच्या इमारतीच्या खिडक्यांत माणसं आली. जळक्या एरंडेलाचा वास गच्चीभर पसरला. लहानपणी ज्या वासानं मी पळून जायचो, तोच वास काका डोळे मिटून घेत होते.

मग त्यांनी खिशातून पेचकस काढला. पंख्याच्या मागच्या बाजूनं वाकून त्याचं टोक इंजिनाच्या पाठीला लावलं आणि मूठ कानाला. जुनी फिटरची नाडीपरीक्षा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिलो. बी.कॉम.चा निकाल बघताना एवढी छाती धडधडली नव्हती.

काकांनी पेचकस खाली घेतला. "कुरकुर नाही."

इंधन संपलं, सूर थांबला. काकांनी दुसऱ्या खिशातून तेलाची छोटी बाटली काढली, आत दोन थेंब सोडले आणि पंखा बोटानं चार वेळा सावकाश फिरवला. या वेळी राहून द्यायचं नव्हतं. नियमाप्रमाणे त्यांनी हात लावायचा नव्हता. पण ते मी ऑडिटला दाखवलं नाही.

"डॉक्टरांची तारीख घे," ते म्हणाले. "आणि दोन गोष्टी विचार. नंबर कुठला बसवणार, आणि नंतर किती दिवसांत चालायला लावणार."

"विचारतो."

काका जिन्याच्या तोंडाशी पोहोचले. कठडा धरून एक पायरी उतरले आणि मागं वळले.

"आणि म्हणावं, आतल्या रिंगवर हातोडी मारायची नाही."